मुसाफिरांचा रस्ता : सुरत–गोवळकोंडा राजमार्गावरील जीवन



आपल्या घरी येणाऱ्या कोणत्याही पाकिटावरचा पत्ता एकदा नीट वाचून पाहावा. ‘मु. पो. देवणी, ता. देवणी, जि. लातूर’ असे त्यावर लिहिलेले असते. यातील पोस्ट हा शब्द इंग्रजी आहे, परंतु मुक्काम, तालुका आणि जिल्हा हे तिन्ही शब्द मुळात अरबी आहेत. त्यांतही ‘मुक्काम’ हा शब्द विचार करण्यासारखा आहे. मुक्काम म्हणजे प्रवासात थांबण्याची जागा. एखादे कुटुंब पिढ्यान्पिढ्या एकाच वाड्यात राहात असले तरी पत्ता सांगताना ते आपल्या गावाला मुक्कामच म्हणते. मराठी माणसाच्या बोलण्यात हा शब्द इतका मुरला आहे की तो बाहेरून आला असे कोणाच्या ध्यानातही येत नाही. मजल, सफर, रस्ता, सराई, बाजार, दुकान, सामान, हमाल, मशाल, पूल, हौद हे शब्दही असेच आहेत. हे सारे शब्द रस्त्यावरचे आहेत, आणि ते आपल्याकडे आले तेही रस्त्यानेच.

आपण मुलांना इतिहास शिकवितो तेव्हा किल्ले, लढाया आणि राज्यकर्त्यांच्या सनावळ्या शिकवितो. उदगीर, औसा, कंधार, परांडा, बिदर ही किल्ल्यांची नावे आपल्या भागातील प्रत्येक मुलाला ठाऊक असतात. परंतु किल्ला बांधला जातो तो बहुधा रस्ता राखण्यासाठी, ही गोष्ट सांगावयाची राहून जाते. त्या रस्त्याने कोण जात होते, काय खात होते, कोणाच्या भरवशावर रात्री डोळा लावत होते, हे तर कोणी विचारीतही नाही. आपल्या समाजातील मुलांना पुष्कळदा विचारले जाते, “तुम्ही मूळचे कोठले?” या प्रश्नाचे उत्तर लढायांच्या इतिहासात शोधले तर अपुरे सापडते. ते रस्त्याच्या इतिहासात शोधले तर अधिक खरे सापडेल, असे मला वाटते. म्हणून या लेखात आपल्या मुलखातून गेलेल्या एका जुन्या राजमार्गाची आणि त्यावरील माणसांची हकिकत सांगण्याचे योजिले आहे.

रस्ता कोठून कोठे जात होता

सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरील सुरत हे मोगल साम्राज्याचे मोठे बंदर होते. परदेशी व्यापाऱ्यांची गलबते तेथे लागत, आणि हज यात्रेची जहाजेही तेथूनच सुटत. या सुरतेहून निघालेला एक रस्ता नवापूरवरून घाट चढून दौलताबाद व औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे येई, तेथून गोदावरीच्या खोऱ्याने नांदेडला, आणि नांदेडहून तेलंगणात शिरून हिऱ्यांसाठी जगप्रसिद्ध असलेल्या गोवळकोंड्याला पोहोचे. गोवळकोंड्याहून तोच मार्ग पुढे पूर्व किनाऱ्यावरील मच्छलीपट्टण बंदराकडे जाई. म्हणजे हा रस्ता एका समुद्राच्या काठापासून दुसऱ्या समुद्राच्या काठापर्यंत सारी दख्खन ओलांडीत होता. फ्रेंच जवाहीर व्यापारी टॅव्हर्निये याने या मार्गावरील मजलांची यादीच आपल्या प्रवासवर्णनात दिली असून तीत नांदेडचा समावेश आहे.

या मुख्य मार्गाला अनेक फाटे मिळत. उत्तरेकडून आग्रा, बुऱ्हाणपूर, फर्दापूर आणि अजिंठा या वाटेने येणारा रस्ता औरंगाबादेस मिळे. फर्दापूर व अजिंठा येथील जुन्या सराया त्याची साक्ष देतात. दक्षिणेकडे बिदर, उदगीर, औसा, परांडा ही किल्ल्यांची साखळी होती. आपले देवणी उदगीर आणि भालकी यांच्या मधले. म्हणजे आपण नांदेडचा राजमार्ग आणि बिदरची राजधानी यांच्या दरम्यानच्या मुलखात राहतो.

रस्ता तरी किती जुना? इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे लिहिले आहे. तगर म्हणजे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील आजचे तेर. या दोन्ही शहरांचा माल, त्यात तगरचे सुती कापडही आले, गाड्यांतून भडोचला जात असे. याचा अर्थ मराठवाड्याची बैलगाडी समुद्राकडे जाऊ लागल्याला दोन हजार वर्षे होऊन गेली आहेत.

सावलीचा रस्ता

इ. स. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दौलताबादला राजधानीचा दर्जा दिला आणि दिल्लीतील अनेक घराण्यांना तेथे जाण्यास भाग पाडले. या स्थलांतरात लोकांचे हाल झाले ही गोष्ट खरी आहे. परंतु त्याच काळी या मार्गाची जी व्यवस्था झाली तिचे वर्णन मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने केले आहे. दिल्ली ते दौलताबाद ही चाळीस दिवसांची वाट. दोन्ही बाजूंना झाडे इतकी की आपण बागेतूनच चाललो आहोत असे वाटावे. दर मैलात टपालाच्या तीन चौक्या. टपालाचा धावपटू हातात घुंगरे लावलेली काठी घेऊन धावत येई. घुंगरांचा आवाज ऐकला की पुढच्या चौकीवरचा माणूस कंबर कसून तयार राही. प्रत्येक मुक्कामावर जशी सुलतानासाठी वास्तू होती, तशीच मुसाफिरांसाठी जाविया, म्हणजे विश्रांतीची जागाही होती. इब्न बतूता पुढे सांगतो की हाच रस्ता तेलंगणापर्यंत आणि त्याही पुढे तसाच गेलेला आहे, आणि गरीब माणसाला या वाटेने जाताना शिदोरी बरोबर घेण्याची गरज पडत नाही.

हे शेवटचे वाक्य विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. जगभर फिरलेल्या या प्रवाशाने रस्त्याची थोरवी सांगताना त्याची रुंदी सांगितली नाही, त्यावरून किती हत्ती गेले हेही सांगितले नाही. रिकाम्या हाताचा माणूस त्या रस्त्याने जाऊ शकतो, हे त्याने सांगितले.

या मार्गाने ज्यांचे आयुष्य घडले अशा एका बुजुर्गांचे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. हजरत ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांचा जन्म १३२१ साली दिल्लीत झाला. तुघलकाच्या स्थलांतराच्या काळात ते लहानपणी वडिलांसोबत दौलताबादला आले. वडिलांचा इंतकाल येथेच झाला आणि त्यांची मजार खुलताबादला आहे. पुढे कुमारवयात ख्वाजासाहेब दिल्लीला परतले आणि तेथे इल्म व साधनेत त्यांची अनेक वर्षे गेली. १३९८ साली तैमूरची स्वारी दिल्लीवर आली तेव्हा जवळजवळ ऐंशी वर्षांच्या वयात त्यांनी पुन्हा दक्षिणेची वाट धरली. दौलताबादला वडिलांच्या मजारीची जियारत करून ते गुलबर्ग्याला गेले आणि १४२२ मध्ये तेथेच त्यांचा इंतकाल झाला. एकाच माणसाच्या जीवनात दिल्ली आणि दख्खन यांमधली ही लांबची वाट तीनदा चालून झाली, ती त्या काळच्या साधनांनी.

एका परदेशी मुसाफिराचा घोडा

बहमनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली आणि आपल्या मुलखातील रस्त्यांना नवे महत्त्व आले. पश्चिम किनाऱ्यावरील चौल बंदरातून जुन्नरवरून येणारी वाट बिदरला पोहोचत असे. १४७० च्या सुमारास अफनासी निकीतिन नावाचा एक रशियन व्यापारी या वाटेने आला. त्याच्याजवळ विकण्यासाठी एकच घोडा होता. जुन्नरच्या अधिकाऱ्याने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदलल्यास परत देईन अशी अट घातली. निकीतिन हताश झाला. तेवढ्यात महंमद नावाचे एक खुरासानी गृहस्थ तेथे आले. त्यांनी रदबदली करून या परक्या, परधर्मी मुसाफिराला त्याच्या धर्मासकट त्याचा घोडा परत मिळवून दिला. पुढे बिदरला जाऊन त्याने तो विकला. बिदरपासून बारा कोसांवर आळंद येथे वर्षातून एकदा दहा दिवसांची मोठी जत्रा भरते आणि तेथे हजारो घोडे विकायला येतात, असेही त्याने लिहून ठेवले आहे.

जुलूम करणारा आणि जुलमातून सोडविणारा हे दोघेही एकाच धर्माचे होते, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करतो. रस्त्यावर माणसाची परीक्षा त्याच्या वागण्यावरूनच होत असते.

बैल हाच राजमार्गाचा राजा

आता या रस्त्यावरच्या प्रत्यक्ष प्रवासाकडे वळू. सतराव्या शतकात टॅव्हर्नियेने हिंदुस्थानच्या अनेक फेऱ्या केल्या. प्रवासाचा खर्च त्याने व्यापाऱ्याच्या काटेकोरपणाने लिहून ठेवला आहे. घोड्यापेक्षा बैलच प्रवासाला सोयीचा, असे त्याचे मत होते. बैलांची हलकी प्रवासी गाडी दिवसाला सुमारे एक रुपया भाड्याने मिळे. सुरतेहून आग्र्याला जाण्यास पस्तीस ते चाळीस दिवस लागत आणि भाडे चाळीस ते पंचेचाळीस रुपये पडे. सुरतेहून गोवळकोंड्याचे अंतर व भाडे जवळपास तेवढेच होते.

त्याच्या स्वतःच्या गाडीला जुंपलेल्या बैलजोडीची किंमत मात्र सहाशे रुपयांच्या घरात होती. ही रक्कम किती मोठी, ते त्याच्याच दुसऱ्या एका नोंदीवरून समजते. पालखी वाहणाऱ्या भोयाला महिन्याला चार रुपये मिळत, आणि त्यातच त्याने आपले खाणेपिणे भागवायचे. साठ दिवसांहून लांबचा प्रवास असेल तर पाच रुपये. म्हणजे एका उत्तम बैलजोडीची किंमत एका भोयाच्या साडेबारा वर्षांच्या कमाईएवढी झाली! हे बैल सलग साठ साठ दिवस, दररोज पन्नास किलोमीटरच्या आसपास, दुडक्या चालीने जात. त्यांचा खुराकही तसाच होता. दुपारी तूप आणि गूळ घालून मळलेल्या कणकेचे दोन-तीन गोळे, आणि संध्याकाळी भरडून भिजविलेले हरभरे.

देवणीच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. आपल्या गावाचे नाव देशभर ज्या गोष्टीमुळे घेतले जाते ती म्हणजे देवणी जातीची जनावरे. अंगभर पांढरा रंग आणि चेहऱ्याच्या बाजूंना काळेपणा असलेला तो वानेरा, बहुतेक पांढरा तो बालंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला तो शेवरा, हे प्रकार आपल्याकडील शाळकरी पोरही दुरून ओळखते. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरे यांच्या संकरातून ही जात तयार झाली असे पशुतज्ज्ञ मानतात. गाय दुधाला चांगली आणि बैल ओढीला दणकट, असा दुहेरी उपयोग हे तिचे वैशिष्ट्य. विद्यार्थ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की गीर गुजरातेतील आणि डांगी सह्याद्रीच्या उत्तर भागातील. ज्या दिशेने आपला राजमार्ग येतो त्याच दिशेच्या या जाती आहेत. माणसांची भाषा मिसळली, तशी जनावरांची जातही मिसळली, आणि त्या मिश्रणाला आपल्या गावाचे नाव मिळाले.

प्रवासी गाडी श्रीमंताची. धान्य आणि मीठ जाई ते बंजाऱ्यांच्या तांड्याने. टॅव्हर्निये म्हणतो की दहा-बारा हजार लदणीचे बैल एकत्र जाताना दिसत. या लोकांचे चार वर्ग होते. एक फक्त धान्य नेई, दुसरा तांदूळ, तिसरा डाळी आणि चौथा मीठ. बायकामुलांसह ते तंबूंत राहात, त्यांचे घर म्हणजेच रस्ता. तांडा अरुंद वाटेवर समोर आला तर इतर प्रवाशांना दोन दोन, तीन तीन दिवस खोळंबून राहावे लागे. परंतु हा तांडा आला नाही तर शहरांची चूल पेटत नसे. आज नांदेड-लातूर भागात जे तांडे वस्ती करून आहेत, ते याच फिरत्या व्यापारी समाजाचे वारस होत.

मुक्कामावरची माणसे

दिवस मावळला की मुक्काम. सराईच्या दरवाजातून गाड्या आत घेतल्या जात, बैल सोडले जात आणि चुली पेटत. गावे लहान असली तरी तांदूळ, पीठ, लोणी, दूध, भाजी आणि मिठाई मिळतच असे, असे टॅव्हर्नियेने लिहिले आहे. औरंगाबादेत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळील पाणचक्की आजही पाहावयास मिळते. दूरवरून नळाने आणलेल्या पाण्यावर तेथे जाते फिरे आणि मुरीद, विद्यार्थी व वाटसरू यांच्यासाठी पीठ दळले जाई. ज्यांच्या नावातच ‘मुसाफिर’ आहे त्यांच्या दारी मुसाफिरांच्या भाकरीची सोय व्हावी, हे योग्यच म्हटले पाहिजे.

या मुक्कामावर कोणकोण लागत असे, हे पाहण्यासाठी जुनी कागदपत्रे धुंडाळण्याची गरज नाही. आपल्या शाळेचे हजेरीपत्रक उघडले तरी पुरे. खडकाळ वाटेवर बैलांना व घोड्यांना नाल मारणारा तो नालबंद. पखालीने पाणी पुरविणारा तो पखाली. कापूस पिंजून गाद्या-रजया करणारा तो पिंजारी. कापड विणणारा तो मोमीन. फळे-भाजी विकणारा तो बागवान, पानसुपारीचा तांबोळी, सुगंधी द्रव्ये घेऊन गावोगाव फिरणारा अत्तार, बांगड्यांचा मणियार, हत्याराला धार लावणारा शिकलगार, मोठा व्यापार करणारा सौदागर आणि दर्ग्याची देखभाल करणारा मुजावर. या आडनावांत तलवार चालविण्यापेक्षा काहीतरी बनविणाऱ्या, विकणाऱ्या आणि सेवा करणाऱ्या माणसांची संख्याच अधिक आहे. त्यांच्या शेजारी लोहार, सुतार, चांभार, तेली, कोष्टी बसत. गाडीचे चाक मोडले तर सुताराची जात आणि बैलाला नाल मारायचा तर नालबंदाचा धर्म कोणी विचारीत नसे, कारण दोघांवाचून गाडी हलत नव्हती.

याच मुक्कामावर दखनी बोली वाढली. तिच्यातील ‘नक्को’ हा शब्द मराठी ‘नको’ वरून आला, आणि एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठी शेवटी ‘च’ लावण्याची लकबही मराठीचीच. दिल्ली किंवा लखनौचा माणूस या बोलीला हसतो. परंतु ती बोली म्हणजे आमच्या पूर्वजांचा रहिवासी दाखलाच आहे. “तुम्ही मूळचे कोठले?” या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरातील आजीच्या एका वाक्यात मिळते. काही घराणी बाहेरून आली असतील, कित्येक येथलीच असतील, परंतु जी आली तीही या मातीची भाषा तोंडात घेऊन येथलीच झाली.

या रस्त्याने आणखीही मुसाफिर आले. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली बादशहा बहादुरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आले आणि त्याच वर्षी नांदेड येथे त्यांचे निर्वाण झाले. तेव्हापासून नांदेडची वाट पंजाबच्या यात्रेकरूंचीही झाली. आपल्याकडचे लोक कंधारच्या उरुसाला आणि माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला जातात, तेही याच मुलखात. माळेगावला जनावरे विकत घेताना खंडोबाचा भक्त आणि दर्ग्याचा मुरीद एकाच बैलाचे दात पाहात उभे असतात.

जकात आणि रहदारी

रस्त्याचे हे चित्र येथेच संपविले तर ते खोटे होईल. या रस्त्यावर दुःखही पुष्कळ होते.

१६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पीटर मंडी हा इंग्रज त्या वेळी सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे गेला. नंदुरबारकडच्या वाटेवर त्याला रस्त्याच्या कडेने प्रेते पडलेली दिसली. त्यानेच पुढे चौदा हजार बैलांचा धान्याने लादलेला बंजारा तांडाही पाहिला. म्हणजे धान्य चालत होते आणि माणसे मरत होती. रस्ता होता, बैल होते, परंतु भुकेल्या माणसाजवळ दाम नव्हते.

दुसरे दुःख वसुलीचे. आपल्या मराठी भाषेत या रस्त्याने दोन शब्द दिले आहेत, त्यांच्याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ‘रहदारी’ म्हणजे आज आपण वाहनांची ये-जा समजतो. मूळ राहदारी म्हणजे रस्ता राखण्याच्या नावाने वाटसरूकडून घेतलेला कर. जो तो फौजदार, जमीनदार आपल्या हद्दीत तो वसूल करी. औरंगजेबाने राज्यावर आल्यावर धान्याची टंचाई पाहून राहदारी माफ केली. परंतु खाफीखान हा इतिहासकार स्पष्ट लिहितो की हुकूम निघूनही अंमलदारांनी वसुली थांबविली नाही. कागदावर माफी आणि नाक्यावर वसुली, असा तो प्रकार होता.

दुसरा शब्द ‘जकात’. मराठीत जकात म्हणजे नाक्यावर मालासाठी भरावा लागणारा कर. नगरपालिकांच्या जकात नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत, हे अनेक पालकांनी पाहिले आहे. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी बंद झाली. परंतु आपल्या दीनमध्ये जकात कशाला म्हणतात? ज्याच्याजवळ संपत्ती आहे त्याने ठराविक हिस्सा गरजूंना द्यावा, ही जकात. तिचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत त्यांत आठवा आहे ‘इब्नुस्सबील’, म्हणजे वाटेवरचा मुसाफिर. शब्द एकच, पण एका अर्थाने मुसाफिराकडून घ्यावयाचे, आणि दुसऱ्या अर्थाने मुसाफिराला द्यावयाचे! दख्खनच्या या राजमार्गाचा सारा इतिहास या दोन अर्थांच्या झगड्याचा आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही. ज्यांनी झाडे लावली, विहिरी खोदल्या, सराया बांधल्या त्यांनी एका अर्थाची जकात दिली. ज्यांनी नाक्यावर अडविले त्यांनी दुसऱ्या अर्थाची घेतली.

तिसरे दुःख विश्वासघाताचे. एकोणिसाव्या शतकात ठगांच्या टोळ्या प्रवाशांशी मैत्री करून, त्यांच्याबरोबर जेवून, मग रुमालाने गळा आवळीत. निजामाच्या नोकरीतील इंग्रज अधिकारी मेडोज टेलर याने त्यांच्यावर लिहिलेली कादंबरी १८३९ साली प्रसिद्ध झाली आणि युरोपभर गाजली. या टोळ्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही होते.

उदगीरहून पानिपतकडे

लढायांचा उल्लेख अगदीच टाळता येत नाही, कारण आपल्या भागातील सर्वांत प्रसिद्ध लढाई रस्त्याचेच महत्त्व शिकविते. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरच्या परिसरात सदाशिवरावभाऊ पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. मराठ्यांच्या तोफखान्याचा प्रमुख होता इब्राहिमखान गारदी. या विजयानंतर थोड्याच दिवसांत, मार्चमध्ये, आजच्या जालना जिल्ह्यातील परतूरहून हीच फौज उत्तरेकडे निघाली. पुढे पानिपतावर अब्दालीने तिच्या रसदेची वाट तोडली. रसद पाठविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी जी फौज लढायला उभी राहिली ती उपाशी होती. इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत पेशव्यांशी इमान राखून लढला आणि मारला गेला. उदगीरला जिंकणारी फौज पानिपतावर हरली, त्याला पुष्कळ कारणे आहेत. परंतु धान्याच्या बैलांची वाट बंद झाली हे त्यांतील एक मोठे कारण होय.

रूळ, मोटार आणि शाळेची वाट

पुढे काळ बदलला. १८७१ मध्ये मुंबईकडून सोलापूर-गुलबर्ग्यावरून रायचूरपर्यंत रेल्वे झाली आणि १८७४ मध्ये हैदराबाद त्या मार्गाला जोडले गेले. १९०० च्या सुमारास मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद, सिकंदराबाद अशी गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली. नकाशावर पाहिले तर ती बरीचशी टॅव्हर्नियेच्याच वाटेने जाते. लदणीच्या बैलांचा व्यापार संपला आणि सराया ओस पडल्या. १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने सत्तावीस बसगाड्यांनिशी सरकारी मोटार वाहतूक सुरू केली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीरकडचा भाग मुंबई राज्यात आला, बिदर-भालकी म्हैसूर राज्यात गेली. देवणीच्या लेकी-सुनांची माहेरे-सासरे मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिली.

या साऱ्या बदलांत एक मुसाफिर नव्याने रस्त्यावर आला, तो म्हणजे विद्यार्थी. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले तेव्हा मराठवाड्याच्या मुलाला उच्च शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागे. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. वाट जवळ आली. तरीही आजही आपल्या मुलाला आणि मुलीला दहावी-बारावीनंतर उदगीर, लातूर, नांदेड, हैदराबाद किंवा पुणे गाठावे लागते. तो खरा इब्नुस्सबील होय.

पालकहो, मुलगा दूर शिकायला निघाला की आपण कर्ज काढूनही त्याला पाठवितो. परंतु मुलीच्या बाबतीत “कॉलेज दूर आहे, बसने कोण पाठवील?” असे म्हणून आपण वाट बंद करतो. नाक्यावर अडविणारा अंमलदार आणि दारात अडविणारा बाप, यांत मला फारसा फरक दिसत नाही. वाट असुरक्षित असेल तर ती सुरक्षित करावी. चार मुलींनी मिळून जावे, बसच्या वेळेसाठी अर्ज करावा, शहरातील नातलगाने एक खोली द्यावी, ज्याच्याजवळ आहे त्याने जकातीतील मुसाफिराचा हिस्सा खऱ्या गरजू विद्यार्थ्यासाठी काढावा. झाडे लावणे, विहीर खोदणे आणि सराई बांधणे यांचा आजचा अर्थ हाच आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांलाही एक सांगणे आहे. तुम्ही ज्या रस्त्याने शाळेला जाता तो तुमच्या आधी पुष्कळांनी तुडविलेला आहे. त्यात बादशहा थोडे आणि गाडीवान, भोई, बंजारे, नालबंद व पखाली फार होते. त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकात नाहीत, पण तुमच्या आडनावात आणि तुमच्या बोलीत ती आहेत. त्यांची लाज वाटू देऊ नका. शिकून जेथे जाल तेथे पत्ता लिहिताना ‘मु. पो. देवणी’ अभिमानाने लिहा आणि मागून येणाऱ्यासाठी वाटेवर एखादे झाड लावून ठेवा.

रिकाम्या हाताचा माणूस ज्या वाटेने निर्धास्त जाऊ शकतो तीच खरी राजवाट, एवढीच या जुन्या रस्त्याची शिकवण आहे. ती अमलात आणण्याची तौफिक आपणां सर्वांना लाभो, हीच प्रार्थना.